मुख्याध्यापकांच्या आरोग्याची काळजी: ठाणे-नवी मुंबईतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे शहर, कळवा-मुंब्रा आणि ऐरोलीपासून बेलापूरपर्यंतच्या शाळांमधले मुख्याध्यापक, पर्यवेक्षक, काही संस्थाचालक आणि बरेचसे शिक्षक आम्हाला पुन्हा पुन्हा जे विचारतात ते इथे एकत्र केलं आहे. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत, ओळख पटेल असे तपशील काढले आहेत. सगळ्या उत्तरांमागे आमची एकच भूमिका आहे: मुख्याध्यापकाची तब्येत ही त्याची घरगुती बाब मानून सोडून देऊ नये. त्याच्या कामाची मांडणी ज्यांच्या हातात आहे, त्यांच्यावर तिची जबाबदारी येते. एखादा मुद्दा दुसरीकडे आला असेल तर तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. मुख्याध्यापकांची काळजी घ्यायची म्हणजे नेमकं काय करायचं? योगाचं शिबिर ठेवू का?

शिबिराला हरकत नाही. पण ज्या बाईंचा दुपारचा डबा साडेतीनला उघडतो, त्यांना शनिवारी आणखी दोन तास थांबवून प्राणायाम शिकवल्याने फारसं काही बदलत नाही. आधी पाहावं ते हे, की त्यांच्यावर टाकलेली कामं आणि ती करायला दिलेले अधिकार यांचा मेळ बसतो का. मग पाहावं, मोकळेपणी बोलता येईल असं शाळेबाहेरचं एक तरी माणूस त्यांना आहे का. त्या आठवडाभर आजारी पडल्या तर शाळा चालेल अशी सोय आहे का, हेही बघावं. या तिन्ही गोष्टी जागेवर असल्या की शिबिराचाही उपयोग होतो.

२. मी नुसती थकलेय की हे बर्नआउट आहे, कसं ओळखू?

थकवा विश्रांतीने उतरतो. दिवाळीच्या सुट्टीनंतर पुन्हा शाळेत यावंसं वाटलं, मुलांचा गोंगाट ऐकून बरं वाटलं, तर तो थकवा होता. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात बर्नआउटची नोंद केली. त्यात बर्नआउटला आजार म्हटलेलं नाही. कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ नीट हाताळला न गेल्यामुळे उद्भवणारी स्थिती, असं त्याचं वर्णन आहे. तिथे तीन लक्षणं दिली आहेत: शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामापासून मनाने दूर जाणं किंवा कामाबद्दल कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटत राहणं.

यातलं दुसरं लक्षण मुख्याध्यापकांना स्वतःचं स्वतःला कळत नाही, ते आधी शिक्षकांच्या लक्षात येतं. पूर्वी प्रत्येक मुलाची नावानिशी चौकशी करणारे सर आता "दाखला देऊन टाका, कटकट नको" म्हणू लागतात. असं काही आठवडे चाललं, झोप उडाली, छातीत धडधडू लागलं किंवा बी.पी.ची गोळी वाढवावी लागली, तर अंगावर काढू नका. आधी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना दाखवा. थायरॉइड, रक्तक्षय, मधुमेह, रजोनिवृत्तीचा काळ यांतही असाच थकवा येतो. त्याची तपासणी न करता सगळं "टेन्शन"च्या खात्यात टाकणं धोक्याचं आहे.

३. ताण तर शिक्षकांनाही असतो. मुख्याध्यापकांचा वेगळा कसा?

शिक्षकाला स्टाफरूम असते. मुख्याध्यापकाची केबिन असते, आणि तिथे येणारा जवळजवळ प्रत्येक माणूस काहीतरी मागायला, सांगायला किंवा भांडायला आलेला असतो. शिक्षकांची बाजू संस्थेपुढे मांडली की संस्था नाराज, संस्थेचा निर्णय शिक्षकांना सांगितला की शिक्षक नाराज. पालकांना वाटतं सगळं यांच्याच हातात आहे, आणि अधिकारी धरून चालतात की सगळी माहिती यांच्याजवळ तयार आहे.

त्यात वर्षाचा फेरा न चुकणारा. जूनच्या मध्याला शाळा उघडते ती प्रवेश, पाठ्यपुस्तकं आणि गळक्या छपरांसह. ३० सप्टेंबरच्या पटसंख्येवर संच मान्यता ठरते, म्हणजे कोणता शिक्षक राहणार आणि कोण अतिरिक्त होणार याची टांगती तलवार त्याच आकड्यावर असते. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने निकष बदलल्यापासून मराठी माध्यमाच्या लहान शाळांत ही धास्ती आणखी वाढली आहे. मग युडायस प्लस या केंद्र सरकारच्या पोर्टलवर भरायची शाळेची माहिती, आधार पडताळणी, शिष्यवृत्ती परीक्षा, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये बोर्डाची केंद्रं. सोबत शालार्थ या ऑनलाइन प्रणालीतलं महिन्याचं पगारबिल आणि रोजचा पोषण आहार आहेच. यातलं एकेक काम माणूस सहज पेलतो. पण कोणतंही काम संपल्याची भावना कधी येतच नाही, आणि आमच्या मते मुख्याध्यापक खचतात ते त्यामुळे.

४. रात्री अकराला ग्रुपवर "माहिती आजच्या आज भरा" असा मेसेज येतो. न पाहिला तर सकाळी बोलणी खावी लागतात. काय करू?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो.

पहिली गोष्ट, मागितलेली बरीचशी माहिती तीच ती असते: वर्गवार पट, मुलं-मुली, प्रवर्ग, दिव्यांग विद्यार्थी, शौचालयं, संगणक, शिक्षकांच्या जन्मतारखा आणि नियुक्तीच्या तारखा. हे सगळं एका तक्त्यात ठेवा, दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी ताजं करा आणि त्याची प्रत लिपिक, पर्यवेक्षक व आणखी एका शिक्षकाकडे असू द्या. नवी लिंक आली की शोधाशोध न करता कुणीही भरू शकतं. एवढं केल्यावर रात्रीची निम्मी धावपळ थांबल्याचं अनेक शाळांनी सांगितलं आहे.

दुसरं, सरकारी ग्रुप पाहण्याच्या वेळा ठरवा, उदाहरणार्थ सकाळी शाळा भरल्यावर, दुपारी, आणि संध्याकाळी निघण्याआधी. हे केंद्रप्रमुखांना, म्हणजे परिसरातल्या शाळांवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांना, आणि संस्थेला आधीच सांगा. एकट्याने सांगण्यापेक्षा केंद्रातल्या पाच-सहा मुख्याध्यापकांनी शिक्षण परिषदेत मिळून मांडलं तर ऐकलं जातं. केंद्रप्रमुखांनाही तोच मेसेज वरून रात्री आलेला असतो, हे ध्यानात ठेवून बोला. बोलणं भांडणासारखं नको, वेळापत्रक ठरवण्यासारखं असू द्या.

तिसरं, खऱ्या आणीबाणीसाठी वेगळी वाट ठेवा. पावसाळ्यात रेड अलर्ट आला की सुट्टीचा आदेश रात्री उशिरा किंवा पहाटे येऊ शकतो, तो चुकवून चालणार नाही. त्यासाठी फोन करायचा, मेसेजवर विसंबायचं नाही, असं ठरवा. फोन कुणी कुणाला करायचा याची साखळी जूनमध्येच लिहून ठेवा आणि त्यातला पहिला फोन आळीपाळीने वेगवेगळ्या माणसांकडे द्या. मग ग्रुप रात्री बंद ठेवला तरी मनाला चुटपुट लागत नाही.

५. सकाळ आणि दुपार दोन्ही सत्रं माझ्याकडेच आहेत. सव्वासहाला घर सोडते, संध्याकाळी सातला पोहोचते. एवढं थांबणं गरजेचं आहे का?

नाही, आणि कुणी अपेक्षा करत असेल तर ती योग्यही नाही. घोडबंदर रोडवरून नौपाड्यात यायचं किंवा कल्याणहून ठाण्याला गाडी बदलून घणसोली-कोपरखैरणे गाठायचं, तर प्रवासातच रोजचे दोन-अडीच तास जातात. एका सत्राची जबाबदारी पर्यवेक्षकांकडे लेखी द्या: उशिरा येणाऱ्या मुलांचा निर्णय, किरकोळ दुखापत, बदली तासिका, पालकांची साधी भेट. काय त्यांनी ठरवायचं आणि कशासाठी तुम्हाला फोन करायचा, हे एका पानावर लिहा. काही दिवस चुका होतील, त्या होऊ द्या. आठवड्यातले दोन दिवस तरी एकाच सत्राला थांबायचं ठरवा आणि ते दिवस फलकावर लिहा, म्हणजे पालक त्या वेळी येणार नाहीत. डब्याची वेळही फलकावर लिहायला लाजू नका.

६. आमच्याकडे पर्यवेक्षक नाही, लिपिक नाही. मीच वर्गशिक्षक, मीच मुख्याध्यापक. वरची उत्तरं माझ्या काय कामाची?

शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे पहिली ते पाचवीला १५० पेक्षा जास्त मुलं असतील तर वेगळा मुख्याध्यापक, आणि सहावी ते आठवीला पट १०० च्या वर असेल तर पूर्णवेळ मुख्याध्यापक. त्याखालच्या शाळांत वर्ग सांभाळणाऱ्या शिक्षकालाच कारभार पाहावा लागतो. म्हणजे तुमचा ताण तुमच्या अकार्यक्षमतेतून आलेला नाही, तो पदांच्या रचनेतूनच आला आहे. हे आधी मनाशी पक्कं करा.

करता येण्यासारखं थोडं आहे, पण आहे. शेजारच्या दोन-तीन लहान शाळांनी कामं वाटून घ्यावीत: एकीने पोषण आहाराच्या नोंदींचा नमुना तयार करायचा, दुसरीने युडायसचा. शाळा व्यवस्थापन समितीत कायद्याने तीन चतुर्थांश पालक असतात. दिघा, इलठणपाडा किंवा तुर्भे स्टोअरच्या वस्तीतही बँकेच्या, संगणकाच्या कामात तरबेज पालक सापडतात, आणि आपल्या मुलांच्या शाळेसाठी ते आनंदाने वेळ देतात. विद्यार्थ्यांची खासगी माहिती मात्र त्यांच्या हाती देऊ नका.

७. निवडणूक, बीएलओ (मतदार याद्यांचं काम), जनगणना. शिक्षक तिकडे, वर्ग रिकामे, आणि बोलणी मला. नाही म्हणता येतं का?

दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका ही तीन कामं शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ नेच शिक्षकांना देता येतात, त्यामुळे सरसकट नकार देता येत नाही. मात्र मतदार याद्यांच्या कामाबाबत सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये स्पष्ट केलं आहे की ते सुट्टीच्या दिवशी किंवा शिकवण्याच्या वेळेबाहेर घ्यावं. तहसील कार्यालयाला पत्र देताना हा आधार घ्या आणि कोणत्या इयत्तेचे किती तास बुडत आहेत ते तारखांसह लिहा. २०२७ च्या जनगणनेची प्रत्यक्ष मोजणी फेब्रुवारीत आहे, बोर्डाच्या परीक्षांच्या तोंडावर. दहावीचे शिक्षक वगळण्याची विनंती दिवाळीनंतर लगेच करा. पालकांनाही ते पत्र दाखवा, म्हणजे वर्ग रिकामा राहण्याचा दोष तुमच्या माथी येत नाही.

८. मी प्रभारी आहे. सह्या माझ्या, निर्णय संस्थेच्या सचिवांचे. उद्या काही झालं तर?

ही स्थिती खरोखर त्रासाची आहे, आणि ती वर्षानुवर्षं चालू ठेवणाऱ्या संस्था चूक करतात असं आमचं स्पष्ट मत आहे. माणसाला जबाबदारी द्यायची पण अधिकार द्यायचा नाही, तर तो आजारी पडणारच.

तुमच्या बाजूने एवढं जरूर करा. प्रभाराचा लेखी आदेश घ्या, त्यावर तारीख आणि मुदत हवी. पदभार घेताना जनरल रजिस्टर, सेवापुस्तकं, कॅशबुक, जडवस्तू नोंदवही, पोषण आहाराचा साठा आणि कोरे दाखले यांची यादी करून दोघांच्या सह्या घ्या. बँकेतली सही बदलल्याची पोच जपून ठेवा. सचिवांनी तोंडी काही सांगितलं तर त्याच दिवशी साध्या भाषेत मेल करा: "आज आपण सांगितल्याप्रमाणे अमुक करत आहे." पटत नसेल तर "माझं मत असं आहे, तरी आपल्या लेखी सूचनेची वाट पाहते" असं लिहा. यात उद्धटपणा कुठेच नाही. लिहिलेलं असलं की रात्री झोप लागते, एवढं आम्ही अनेकांकडून ऐकलं आहे.

९. आम्ही संस्थाचालक आहोत. आमच्या मुख्याध्यापकांसाठी काय करावं?

तुम्ही विचारलंत, इथूनच सुरुवात झाली. महिन्यातून एकदा तासभर भेटा आणि त्या तासात निकाल, प्रवेश, फी हे विषय काढू नका. फक्त विचारा: या महिन्यात कशाने दमलात, आणि आमच्यापैकी कुणी काय उचलू शकतो? मग जे उचलतो म्हणालात ते खरंच उचला. बांधकाम, पाण्याची टाकी, अग्निशमनाचं प्रमाणपत्र, बसचा ठेकेदार, मालमत्ता कराची नोटीस ही कामं मुख्याध्यापकाच्या टेबलावर असण्याचं काहीच कारण नाही.

विश्वस्त मंडळातल्या प्रत्येकाने परस्पर फोन करून सूचना देऊ नयेत. सूचना एकाच व्यक्तीकडून जाव्यात. शिक्षक थेट तुमच्याकडे तक्रार घेऊन आले तर ऐकून घ्या, पण मुख्याध्यापकाला न विचारता निकाल देऊ नका. सर्वांसमोर, त्यातही पालकसभेत, त्यांचा पाणउतारा तर कधीच करू नका. असे प्रसंग माणसं निवृत्तीनंतरही विसरलेली नसतात.

फीचा प्रश्न आहे तिथे आणखी एक. २०११ च्या शुल्क विनियमन कायद्यानुसार पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीचे अध्यक्ष मुख्याध्यापक असतात, पण फीवाढीचा प्रस्ताव व्यवस्थापनाचा असतो. पालकांचा राग मात्र समोर बसलेल्या माणसावर निघतो. म्हणून त्या बैठकीला विश्वस्तांनी स्वतः यावं आणि आपला प्रस्ताव आपण मांडावा.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये मुख्याध्यापकांनी वर्षाला किमान ५० तासांचं व्यावसायिक प्रशिक्षण घ्यावं अशी अपेक्षा आहे. ते तास कामाच्या वेळेतले धरा, रविवारचे नकोत.

१०. आम्ही शिक्षक आहोत. आमच्या बाई हल्ली गप्प-गप्प असतात. आमच्याकडून विचारलेलं चालेल का?

चालेल. मात्र पाच जणांनी घोळका करून केबिनमध्ये जाऊ नका. ज्यांचं त्यांच्याशी जमतं अशा एकाने शाळा सुटल्यावर जावं आणि दिसलं तेवढंच सांगावं: "बाई, दोन आठवडे तुम्ही डबा खाताना दिसत नाही. काही हलकं करू का?" "काही नाही गं" असं उत्तर आलं तर जोर करू नका, पण एखादं काम आपणहून घ्या. स्नेहसंमेलनाची परवानगी, सहलीचे अर्ज, ग्रंथालयाची नोंद, काहीही. आणि स्टाफरूममध्ये तब्येतीची चर्चा करू नका.

११. पालक ग्रुपवर माझ्याबद्दल वाटेल ते लिहितात. एक जण तर केबिनमध्ये येऊन धमकावून गेला.

या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ग्रुपवरच्या मजकुराला ग्रुपवर उत्तर देऊ नका. त्या पालकांना दुसऱ्या दिवसाची वेळ द्या, भेटीत पर्यवेक्षक किंवा एक शिक्षक सोबत ठेवा, मुद्दा, उत्तर आणि ठरलेली कृती नोंदवहीत लिहून दोघांच्या सह्या घ्या. बऱ्याचदा मूळ तक्रार खरी असते आणि भाषा तेवढी चुकलेली असते. तक्रार सुटली की ग्रुप आपोआप शांत होतो. ते स्क्रीनशॉट रात्री पुन्हा पुन्हा पाहत बसू नका. ते साठवायचं काम दुसऱ्या कुणाला तरी सांगा.

धमकी, शिवीगाळ किंवा अंगावर येणं हा पोलिसांचा विषय आहे. ११२ ला फोन करा, स्थानिक ठाण्यात लेखी तक्रार द्या आणि ती संस्थेने द्यावी असा आग्रह धरा. मुख्याध्यापकाला एकट्याला पोलीस ठाण्यात पाठवणं बरोबर नाही.

१२. बोलायचं तर कुणाशी? ठाण्यात सगळे एकमेकांना ओळखतात.

म्हणूनच आपल्या संस्थेबाहेरचं, शक्यतो दुसऱ्या प्रभागातलं माणूस शोधा. निवृत्त मुख्याध्यापक यासाठी फार चांगले. त्यांना शालार्थ म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही, आणि त्यांना कुणाची भीतीही उरलेली नसते. ठाण्यातल्या मुख्याध्यापकाने वाशी-नेरूळच्या आणि तिकडच्याने ठाण्याच्या सहकाऱ्याशी पंधरा दिवसांतून एकदा बोलायचं, अशा जोड्या लावाव्यात हे आम्ही आग्रहाने सुचवतो. नियम एकच: ऐकणाऱ्याने लगेच सल्ला द्यायचा नाही.

त्यापुढची मदत हवी असेल तर या बाबतीत ठाणं नशीबवान आहे. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी सुरू केलेली इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ, म्हणजे आयपीएच, १९९० पासून इथे काम करते आहे. प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ पासून ठाण्यात आहे. तिथे बाह्यरुग्ण विभागात तपासणी होते, दाखल व्हावंच लागतं असं नाही. तिथे जाण्यात कमीपणा कसलाच नाही. घरबसल्या बोलायचं असेल तर केंद्र सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीतही आहे. ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली.

१३. मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो हे संस्थेला कळलं तर? नोकरीवर परिणाम होईल का?

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ नुसार उपचारांची माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क रुग्णाला आहे. डॉक्टर संस्थेला परस्पर काही सांगू शकत नाहीत. याच कायद्यात मानसिक आजाराला विम्यात शारीरिक आजारासारखंच स्थान द्यावं असं म्हटलं आहे, तेव्हा पॉलिसीची कागदपत्रं एकदा नीट वाचा. रजेसाठी प्रमाणपत्र द्यावं लागलं तर त्यात किती तपशील असावा हे डॉक्टरांशी आधी बोलून घ्या. कुणाला सांगायचं आणि किती, हा निर्णय पूर्णपणे तुमचा आहे.

१४. वैद्यकीय रजा घेतली तर शाळेचं काय? आणि रजा असते तरी किती?

कायम कर्मचाऱ्याच्या खात्यात सेवेच्या दर पूर्ण वर्षामागे २० दिवसांची अर्धवेतनी रजा जमा होते. वैद्यकीय प्रमाणपत्रावर ती पूर्ण पगाराच्या परिवर्तित रजेत बदलता येते, तेव्हा खात्यातून दुप्पट दिवस वजा होतात. बरीच वर्षं सेवा झालेल्या मुख्याध्यापकांच्या खात्यात पुष्कळ रजा पडून असते. लिपिकाला विचारून शिल्लक आजच पाहून ठेवा.

शाळेसाठी एक फाइल तयार ठेवा: महिन्याच्या कोणत्या तारखेला काय पाठवायचं, पोर्टलची कामं कोण करतं, चाव्या कुणाकडे, ठेकेदारांचे आणि अधिकाऱ्यांचे क्रमांक. पासवर्ड बंद पाकिटात सचिवांकडे. वर्षातून एकदा ठरवून तीन दिवस सुट्टी घ्या आणि या फाइलवर शाळा चालते का पाहा. जे अडतं ते परतल्यावर फाइलमध्ये भरा. रजेवर असताना "एकच मिनिट हं" म्हणून येणारे फोन पर्यवेक्षकांकडे वळवण्याची जबाबदारी संस्थेची.

१५. बदलापूरच्या घटनेपासून रोज भीती वाटते. मुलाच्या सुरक्षिततेची तक्रार आली तर पहिलं काय करायचं?

बदलापूरच्या शाळेतल्या लहान मुलींवरच्या अत्याचाराचं प्रकरण ऑगस्ट २०२४ मध्ये समोर आल्यानंतर आपल्या जिल्ह्यातल्या प्रत्येक मुख्याध्यापकाच्या मनात ही भीती आहे, आणि मुलांच्या बाबतीत जागरूक राहायला लावणारी तेवढी भीती असायलाच हवी. पण क्रम माहीत असला की ती आवाक्यात राहते.

लैंगिक अत्याचाराची शंका असेल तर पोक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे. संस्थेच्या परवानगीची वाट पाहायची नाही. "आधी आपण चौकशी करू" असं म्हणायचं नाही. मुलीला किंवा मुलाला पुन्हा पुन्हा प्रश्न विचारायचे नाहीत. हाताखालच्या माणसाविरुद्धची माहिती संस्थाप्रमुखाने दडवली तर कलम २१ प्रमाणे एक वर्षापर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. सद्भावनेने कळवणाऱ्याला मात्र कायद्याचं संरक्षण आहे. मुलाची ओळख कुठेही उघड करू नका. मदतीसाठी १०९८ ही मुलांची हेल्पलाइन आहे. कोणत्या वेळी काय समजलं आणि आपण काय केलं, ते लगेच लिहून ठेवा.

अशा घटनेनंतर मुलाची आणि कुटुंबाची काळजी सगळ्यात आधी. पण काही आठवड्यांनी मुख्याध्यापकालाही ते प्रसंग झोपेत दिसू लागतात. त्यांनी समुपदेशकाला भेटावं याची सोय संस्थेने आपणहून करावी, त्यांनी मागण्याची वाट पाहू नये.

१६. माझ्यावर चौकशी लावली आहे. जेवण जात नाही.

चौकशी म्हणजे निकाल नव्हे. १९७७ चा खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांचा सेवाशर्ती कायदा आणि १९८१ ची नियमावली यांत चौकशीची रीत ठरलेली आहे. आरोप लेखी मिळायला हवेत, चौकशी समितीत तुम्ही सुचवलेला एक सदस्य असतो आणि निलंबन झालं तर निर्वाह भत्ता मिळतो. बडतर्फी किंवा पदावनती झाली तर आदेश हाती आल्यापासून ३० दिवसांत शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करता येतं. ही मुदत चुकवू नका. महापालिका आणि जिल्हा परिषदेच्या शाळांना वेगळे नियम आहेत.

वकील आणि मुख्याध्यापक संघाचे जाणकार हवेतच. त्यासोबत घरातल्या एका माणसाला सगळं खरं सांगा. कागदपत्रांसाठी दिवसातला एक तास ठरवा आणि उरलेल्या वेळी ती फाइल उघडू नका. सहकाऱ्यांना विनंती: अशा काळात फोन करणं थांबवू नका. प्रकरणाबद्दल बोलायची गरज नसते, "चहाला या" एवढंही पुरतं.

१७. संस्थेचे पदाधिकारीच नको तसं बोलतात, वागतात. मी मुख्याध्यापिका आहे. शाळेच्या अंतर्गत समितीची रचनाच त्यांच्या हातात आहे.

कामाच्या ठिकाणी महिलांच्या होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात याची तरतूद आहे. तक्रार मालकाविरुद्ध, म्हणजे व्यवस्थापनाच्या प्रमुखाविरुद्ध असेल तर ती जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते. मुदत घटनेपासून तीन महिने आहे, पुरेसं कारण असेल तर वाढवून मिळते. मेसेज पुसू नका, तारखा लिहून ठेवा. ऐरोली ते बेलापूर ठाणे जिल्ह्यात येतं. खारघर-पनवेल रायगडमध्ये आहे, तिथल्या शाळांनी रायगडच्या समितीकडे जावं.

१८. एक सहकारी मुख्याध्यापक म्हणाले, "आता नको वाटतं सगळं." मी घाबरलो. काय बोलायला हवं होतं?

आजच पुन्हा भेटा किंवा फोन करा आणि सरळ विचारा: "जीव द्यावा असं मनात येतं का?" असं विचारल्याने तो विचार डोक्यात घातला जातो ही समजूत चुकीची आहे. उलट कुणीतरी ओळखलं म्हणून माणूस बोलू लागतो. उत्तर हो असेल किंवा टाळलं गेलं तर त्यांना एकटं सोडू नका, घरच्यांना सांगा, १४४१६ ला त्यांच्यासमोरच फोन लावा. धोका लगेचचा वाटला तर ११२ किंवा जवळचं रुग्णालय. "गुपित ठेवीन" असं वचन या एका बाबतीत देऊ नका.

१९. परदेशात यावर काही काम झालंय का?

ऑस्ट्रेलियात २०११ पासून दरवर्षी मुख्याध्यापकांच्या आरोग्याचं सर्वेक्षण होतं, आणि ज्याची उत्तरं धोक्याची दिसतात त्याला मदतीच्या पत्त्यांसह तसं कळवलं जातं. इंग्लंडमध्ये जानेवारी २०२३ मध्ये एका मुख्याध्यापिकेने शाळेच्या तपासणीनंतर जीवन संपवलं. तपासणीचा त्यात वाटा होता, असं मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यांनी त्याच वर्षी नोंदवलं, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये तिथे सरकारी शाळांना एका शब्दात शेरा देण्याची पद्धत बंद झाली. तपासणी कशी करायची हेसुद्धा आरोग्याशी जोडलेलं आहे, हे आपल्याकडच्या अधिकाऱ्यांनीही विचारात घ्यावं.

२०. निवृत्तीला आठ महिने आहेत. आताच सगळं अंगावर आल्यासारखं का वाटतं?

५८ व्या वर्षी खुर्ची सुटणार, पेन्शनची कागदपत्रं अपुरी आणि मागची ऑडिटची हरकत प्रलंबित, असं तिहेरी ओझं असतं. सेवापुस्तकाची पडताळणी आत्ताच करून घ्या आणि पुढच्या माणसाला शेवटचे दोन महिने सोबत बसवा. पदभाराची यादी प्रश्न ८ मध्ये आहे.

२१. आमचे मुख्याध्यापकच सगळ्यांना छळतात. त्यांच्या आरोग्याची काळजी आम्ही का घ्यायची?

ताण हे त्रास देण्याचं कारण असू शकतं, पण ती सूट नाही. शिक्षकांच्या तक्रारी संस्थेने लेखी घ्याव्यात, तारखा आणि प्रसंग विचारावेत, मुख्याध्यापकांचं म्हणणंही ऐकावं. वागणं अलीकडे बदललं असेल तर तब्येतीची चौकशी आणि तक्रारीची चौकशी दोन्ही सोबत चालाव्यात, आणि ती दोन कामं दोन वेगळ्या माणसांनी करावीत. आधीपासूनच तसं असेल तर संस्थेने स्पष्ट लेखी समज द्यावी, मुदत द्यावी आणि त्या मुदतीनंतर पुन्हा शिक्षकांना विचारावं. तक्रार मुलांशी संबंधित असेल तर यातल्या कशासाठीही थांबू नका, प्रश्न १५ मधला क्रम धरा.